वाचकांचे प्रश्न : रायटिंग साडेसहालाच अडकलंय, काय करू?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस, ओईटी, पीटीई अशा इंग्रजीच्या परीक्षांबद्दल आहेत. कुणाला पीआर, म्हणजे परदेशात कायमचं राहायची परवानगी हवीय, कुणाला बाहेर नर्सिंगची नोकरी, कुणाला नवऱ्याकडे जायचंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून छापत नाहीये. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, सराव भरपूर चाललाय, मॉक टेस्टवर मॉक टेस्ट देताय, पण दिलेली टेस्ट परत उघडून आपलं नेमकं कुठे चुकलं हे बघायला कुणी बसत नाहीये. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी त्याच्याच मागे लागलेली दिसेन.

प्रश्न : नमस्कार ताई, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी (पीआरची पॉइंटवर चालणारी पद्धत) आयईएलटीएस जनरल दिली. लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7 आणि रायटिंग परत 6.5. ओव्हरऑल 7.5 आहे मग त्यावर काम होत नाही का? रोज एक निबंध लिहितोय, टेम्प्लेट पाठ आहेत, तरी हा अर्धा बँड (आयईएलटीएसचे गुण) काही मिळत नाही. रिचेकिंगला टाकू का? आणि फक्त रायटिंग परत देता येतं म्हणे, ते करू का?

आधी ओव्हरऑलचं सांगते, कारण यात खूप जण फसतात. एक्सप्रेस एंट्रीत ओव्हरऑल कुणी बघतच नाही, चारही भाग वेगवेगळे सीएलबीमध्ये, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या पातळ्यांमध्ये, बदलले जातात. सीएलबी 9 साठी लिसनिंग 8 आणि बाकी तिन्ही 7 लागतात. तुमचं रायटिंग 6.5 म्हणजे सीएलबी 8, आणि एक जरी भाग 9 च्या खाली राहिला तरी शिक्षण आणि अनुभव यांच्या जोडीचे जे पॉइंट मिळतात ते खालच्या पायरीवर येतात. तुमचा कॅनडाबाहेरचा अनुभव तीन वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर त्या जोडीचे 50 मिळायचे तिथे 25 मिळतात, मास्टर्स असेल तर शिक्षणाच्या जोडीतही तेच, 50 चे 25. म्हणजे या अर्ध्या बँडवर 50 पॉइंट अडकलेले असू शकतात, त्यामुळे मागे लागताय ते अगदी बरोबर आहे.

रिचेकिंग परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत टाकता येतं, दुसरा सीनियर एक्झामिनर तपासतो आणि बँड वाढला तर फी परत मिळते. बाकी तिन्ही भाग चांगले आणि एकच खाली, अशा वेळी टाकायला हरकत नाही. पण निकालाची वाट बघत तयारी थांबवू नका. फक्त एक भाग परत देण्याची जी सोय आहे, वन स्किल रीटेक, ती कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेसाठी 60 दिवसांच्या आत घेता येते, ऑस्ट्रेलियाला ती चालते पण कॅनडाच्या इमिग्रेशनला चालत नाही. म्हणून त्या रीटेकमध्ये पैसे घालू नका, तुम्हाला चारही भाग परत द्यावे लागतील.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही तुमचा एक निबंध सोबत पाठवलात हे फार बरं केलंत, मी तो दोनदा वाचला. मुद्दे चांगले आहेत, शब्द चांगले आहेत. पण सुरुवात बघा, 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड, ट्रान्सपोर्ट प्लेज अ व्हायटल रोल'. हे वाक्य कुठल्याही विषयाला चिकटतं आणि एक्झामिनर असली वाक्यं सतत वाचत असतो, पाठ केलेलं ओळखायचं त्याला ट्रेनिंगच दिलेलं असतं. विषय होता सार्वजनिक वाहतूक फुकट करावी का. पहिल्याच दोन वाक्यांत करावी की नाही आणि का एवढं आलं असतं तर बरं झालं असतं, तुमचं मत कळायला मला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबावं लागलं. टेम्प्लेट सोडून द्या, खरंच. त्याच्या आधाराने सहापर्यंत येता येतं, पण पुढे तेच आडवं येतं.

पण तुमचा बँड जास्त करून ग्रामरमध्ये जातोय असं मला वाटतं. रायटिंगला चार निकष आहेत आणि चौघांना सारखं वजन आहे, त्यातल्या ग्रामरमध्ये बँड 6 आणि 7 मधला फरक ढोबळमानाने असा, सहाला चुका असल्या तरी अर्थ कळतो, साताला बिनचूक वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत. म्हणजे मोजायचं काय, तर वाक्यं. तुमच्या निबंधाच्या प्रत्येक वाक्याला मी नंबर टाकला आणि ज्यात एकही चूक नाही त्यावर टिक केली, 16 वाक्यांत 5 टिका आल्या. मोठ्या चुका जवळजवळ नाहीतच! हे बघा एक, 'पीपल शुड यूज द पब्लिक ट्रान्सपोर्ट बिकॉज इट इज रिड्यूसिंग द पोल्यूशन'. अर्थ शंभर टक्के कळतो, पण दोन्ही 'द' नकोत आणि 'इज रिड्यूसिंग' च्या जागी 'रिड्यूसेस' हवं. 'वन ऑफ द मेन रीझन' मध्ये शेवटी 'रीझन्स' हवं. 'डिस्कस अबाउट' मधलं 'अबाउट' नको. जिथे 'द' पाहिजे तिथे, म्हणजे 'गव्हर्नमेंट' च्या आधी, तिथे नेमकं टाकलेलं नाही. मराठीत आर्टिकल, म्हणजे 'अ', 'द' असे शब्द, नाहीत, त्यामुळे ते गळलं किंवा जास्तीचं आलं तरी आपल्या कानाला काहीच खटकत नाही, वाचून जाताना ते दिसणारच नाही, मुद्दाम शोधावं लागतं.

म्हणून रोज नवा निबंध बंद करा. जुनाच एक घ्या, वाक्यांना नंबर टाका, एका फेरीत फक्त आर्टिकल बघा, दुसऱ्या फेरीत फक्त क्रियापदं आणि त्यांचे काळ, तिसऱ्या फेरीत अनेकवचनाचे एस. मग तोच निबंध कोऱ्या पानावर परत लिहा आणि टिका परत मोजा. कुठली चूक किती वेळा झाली त्याची यादी ठेवा, दोन आठवड्यांत लक्षात येईल की तुमच्या चुका तीन-चार प्रकारच्याच आहेत आणि त्याच त्याच आहेत. परीक्षेत शेवटची चार मिनिटं फक्त त्या यादीसाठी राखून ठेवा.

अजून एक, टास्क 2 ला, म्हणजे निबंधाला, टास्क 1 च्या, म्हणजे पत्राच्या दुप्पट वजन आहे हे खरं, पण म्हणून पत्र वाऱ्यावर सोडू नका. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही आले पाहिजेत आणि तिसरा फक्त एका ओळीत गुंडाळलेला नको. मॅनेजरला लिहिताय की मित्राला, ते पहिल्या ओळीत ठरलं की शेवटपर्यंत तोच सूर ठेवायचा, तुमच्या सरावाच्या पत्रात वर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि खाली 'थँक्स अ लॉट, टेक केअर' आहे, हे जुळत नाही. पत्राला 20 मिनिटं, निबंधाला 40, याच्या पुढे पत्र जाऊ देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मला इंग्रजी समजतं, लिहिता येतं, पण आयईएलटीएसच्या स्पीकिंगला बसलं की ततपप होतं. मागच्या वेळी एक्झामिनरने मला मध्येच तोडलं त्यामुळे अजून घाबरलो. माझा उच्चार एकदम मराठी आहे, ॲक्सेंटचा क्लास लावू का?

क्लास लावू नका. मराठी वळणाने बोललं म्हणून मार्क जात नाहीत, समोरच्याला कळायला त्रास झाला तर जातात, आणि या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. उसना ॲक्सेंट आणून बोलणाऱ्यांचं बोलणं उलट जास्त अडखळतं कारण अर्धं डोकं तिकडेच अडकलेलं असतं.

दोन-तीन गोष्टींवर मात्र नक्की काम करा. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे आहेत आणि आपण दोन्हीला एकच 'व' वापरतो, मग 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखंच ऐकू येतं. व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू ला दात कुठेच लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरशासमोर उभं राहून करा, दिसतं ते लगेच. दुसरं म्हणजे शब्दातला जोर. 'डेव्हलप' मध्ये जोर 'व्हे' वर येतो, 'फोटोग्राफर' मध्ये 'टॉ' वर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो आणि परक्या माणसाला नेमकं तेच जड जातं. नवीन शब्द शिकलात की जोर कुठे येतो ते डिक्शनरीतल्या स्पीकरवर ऐकूनच वहीत लिहा.

एक्झामिनरने तोडलं याचं वाईट वाटून घेऊ नका. पूर्ण मुलाखत 11 ते 14 मिनिटांत संपवायची असते आणि प्रत्येक भागाला वेळ ठरलेला आहे, तो फक्त घड्याळ बघत असतो. तुम्ही जास्त बोललात म्हणून तोडलं असेल तर ते खरं तर चांगलंच आहे.

ततपप होण्याचं कारण बऱ्याचदा असं असतं की आपण वाक्य मनात पूर्ण जुळवतो आणि मग बोलतो. त्यावर उपाय एकच, मोबाईलवर रेकॉर्ड करणं. कुठलाही साधा विषय, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलायचं, परीक्षेत विषयाचं क्यू कार्ड देतात तेव्हा असतं तसंच. मग ऐकत ऐकत स्वतःचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवा, 'अं' आणि अर्धवट सोडलेली वाक्यं सुद्धा. कंटाळवाणं काम आहे आणि पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी करा. कागदावर दिसतं की तुम्ही नेमके कुठे थांबता, शब्द आठवत नाही म्हणून की मुद्दाच सुचत नाही म्हणून. शब्द आठवत नसेल तर तो फिरवून सांगायचा सराव करा, मुद्दा सुचत नसेल तर 'का' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन प्रश्न स्वतःलाच विचारायची सवय लावा. मग त्याच विषयावर परत बोला, परत रेकॉर्ड करा. पाठ केलेली उत्तरं मात्र नकोत, आवाजाची पट्टी एकदम बदलते आणि समोरच्याला ते कळतं.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे, यूकेला अर्ज करायचाय. काही जणी म्हणतात ओईटी सोपी, काही म्हणतात आयईएलटीएसच दे. नाइट ड्युटी करून अभ्यास करतेय, दोन्हीची तयारी जमणार नाही. कुठली देऊ?

तुमच्या पत्रावरून ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्स वगैरेंसाठीची इंग्रजीची परीक्षा. सोपी म्हणून नाही, तर तुमचं रोजचं काम तिच्यात उपयोगी पडेल म्हणून. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5 लागतात. ओईटीमध्ये त्याच तीन भागांत बी म्हणजे 350 आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे 300. आयईएलटीएसच्या निबंधात तुम्हाला जंगलतोडीपासून जाहिरातींपर्यंत काहीही येईल, ओईटीत पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून पत्र लिहायचं असतं. पाच मिनिटं वाचायला, 40 लिहायला, साधारण 180 ते 200 शब्द.

यात अनुभवी नर्स कुठे चुकतात ते सांगते. नोट्समधलं सगळंच पत्रात घालतात. समजा पेशंट गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी चाललाय आणि पत्र घरी येणाऱ्या नर्सला लिहायचंय. तिला जखम कशी आहे, ड्रेसिंग कधी बदलायचं, वेदनेची कुठली गोळी किती वेळा, चालताना आधार लागतो का, घरी बघायला कुणी आहे का, हे हवं असतं. लहानपणी टॉन्सिल काढलेत हे तिला नकोय, ते नोट्समध्ये तुमची निवड बघायलाच टाकलेलं असतं. वाचायच्या पाच मिनिटांत लिहिता येत नाही, तेव्हा फक्त डोळ्यांनी ठरवा, काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

स्पीकिंगला दोन रोल-प्ले असतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. कार्डवर मुद्दे असतात आणि ते भराभर सांगून मोकळं व्हायची घाई होते. तिथे मार्क फक्त इंग्रजीचे नसतात, पेशंटशी तुम्ही कसं वागता त्याचेही असतात. माहिती द्यायच्या आधी 'याबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?' असं विचारा, तो घाबरलाय असं दिसलं तर आधी त्या भीतीबद्दल बोला, आणि 'हायपरटेन्शन' न म्हणता 'हाय ब्लड प्रेशर' म्हणा. वॉर्डात तुम्ही हे रोज करताच, फक्त इंग्रजीत करायचंय. नाइटनंतर लगेच अभ्यासाला बसू नका हो, झोप झाल्यावरचा एक तास पुरतो. त्यात रीडिंगच्या पार्ट ए ला जास्त वेळ द्या, 15 मिनिटांत 20 प्रश्न आहेत आणि गडबड तिथेच होते.

प्रश्न : आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये सगळं समजतं तरी 40 पैकी 27-28 च्या वर जात नाही. ऐकायचा अजून सराव करू का?

समजतं म्हणताय त्याअर्थी ऐकण्याचा प्रश्न नसणार. 7 साठी साधारण 30 बरोबर लागतात, म्हणजे तुम्ही अगदी दोन-तीनावर आलात. मागच्या टेस्टची चुकलेली उत्तरं काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. स्पेलिंग, शेवटचा एस राहिला, 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं असताना तीन लिहिले, किंवा बोलणाऱ्याने आधी मंगळवार सांगून नंतर 'नको, गुरुवार' केलं आणि तुम्ही मंगळवारच लिहून पुढे गेलात. हे सगळं ऐकू आलेलंच असतं. एक उत्तर हुकलं तर तिथेच रेंगाळू नका, ऑडिओ एकदाच वाजतो, मागच्याचा विचार करत राहिलात की पुढची दोन जातात. आणि परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर शेवटी उत्तरं तपासायला दोनच मिनिटं असतात, कागदावरच्या परीक्षेसारखी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळत नाहीत.

प्रश्न : मी पीटीई देतोय. सेंटरमध्ये शेजारचे जोरजोरात बोलतात त्याने मन उडतं. माइकमध्ये त्यांचा आवाज जाईल का? आणि चुकलं तर परत बोललं तर चालतं का?

शेजारचे बोलणारच, सगळ्यांचं स्पीकिंग साधारण एकाच वेळेला येतं. घरी टीव्ही चालू ठेवून सराव करा, शांत खोलीत केलेला तिथे पुरत नाही. सुरुवातीला उपकरणं तपासायला देतात तेव्हा घाई न करता आपला आवाज रेकॉर्ड करून ऐका, श्वासाची फुरफुर येत असेल तर माइक जरा बाजूला घ्या, नीट ऐकू येत नसेल तर तिथेच हात वर करा, नंतर तक्रार करून उपयोग नाही. ओरडू नका, नेहमीच्या आवाजात बोला.

चुकलं तर मागे जाऊ नका, पुढे चला, परत परत म्हटल्याने फ्लुएन्सी जाते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होतं आणि ते उत्तर तिथेच संपतं, त्यामुळे विचार करायला लांब थांबायचं नाही. कुठे अर्ज करताय ते तुम्ही लिहिलं नाहीये. ऑस्ट्रेलियासाठी पीटीई ॲकॅडमिक लागते, कॅनडाच्या पीआरला पीटीई कोअर, बुकिंग करताना हे दोनदा बघा.

प्रश्न : माझा आयईएलटीएसचा निकाल दीड वर्षं जुना आहे, चालेल ना?

निकाल दोन वर्षं धरतात. कॅनडासाठी प्रोफाइल टाकताना आणि नंतर पीआरचा अर्ज भरताना, दोन्ही वेळेला तो दोन वर्षांच्या आतला लागतो, आणि मधे बोलावणं यायला किती महिने जातील ते आपल्या हातात नाही, म्हणून तुम्ही आत्ताच पुढची तारीख घेऊन ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाला तीन वर्षांपर्यंतचा चालतो.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर यूकेला सेटल आहेत, मला त्यांच्याकडे जायचंय. मला इंग्रजी फार कमी येतं, शाळेनंतर कधी बोललेच नाही. आयईएलटीएसची पुस्तकं आणली पण त्यातलं काहीच कळत नाही, रडू येतं. मला जमेल का हो?

ती पुस्तकं बाजूला ठेवा, ती तुमच्या परीक्षेची नाहीतच. पती-पत्नीच्या व्हिसाला सुरुवातीला फक्त ए1, म्हणजे अगदी पहिली पातळी लागते आणि त्यासाठी आयईएलटीएस लाइफ स्किल्स नावाची वेगळी परीक्षा आहे. त्यात लिहायचं नाही, वाचायचं नाही, फक्त बोलणं आणि ऐकणं. बँड नसतात, पास किंवा नापास एवढंच. 16 ते 18 मिनिटं, एक एक्झामिनर आणि तुमच्यासोबत अजून एक परीक्षार्थी असतो, तुम्ही दोघी एकमेकींना प्रश्न विचारता. ती तुमच्यासारखीच घाबरलेली असेल, आणि ती जास्त चांगलं बोलली म्हणून तुमचे मार्क कमी होत नाहीत.

विषय रोजचेच, घरची माणसं, दिवसभर काय करता, खरेदी, हवा, प्रवास. बऱ्याच जणी उत्तरं तयार करतात आणि प्रश्न विचारायचा सराव करायचाच राहून जातो, आणि तिथे प्रश्न विचारावेच लागतात. 'व्हॉट डू यू लाइक?', 'व्हेअर डू यू गो?', 'हाऊ ऑफन?' असे दहा-बारा प्रश्न तोंडात बसू द्या. मिस्टरांशी रोज फोन होत असेलच, त्यातली पंधरा मिनिटं फक्त इंग्रजीत बोला, आधी तुम्ही त्यांना विचारायचं मग त्यांनी तुम्हाला, आणि मध्येच मराठीत समजावून सांगू नका असं त्यांना बजावून ठेवा. कळलं नाही तर 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' म्हणायचं, हे विचारलं म्हणून कुणी नापास करत नाही, गप्प बसलात तर मात्र अडचण होते.

बुकिंग करताना यूकेच्या होम ऑफिसने मान्य केलेलंच सेंटर घ्या आणि 'ए1' नीट बघून निवडा, कारण ए2 आणि बी1 याच नावाने असतात. त्या तुम्हाला पुढे लागतील, व्हिसा वाढवताना ए2 आणि कायमचं राहायचा अर्ज करताना बी1, तोपर्यंत तिथे राहून तुमचं बोलणं बरंच सुटलेलं असेल. तारीख ठरली की मला परत लिहा, रोल-प्लेसारखे काही प्रश्न मी तुम्हाला पाठवते.